द प्रोक्लेमर्स या स्कॉटिश जोडीचे ‘५०० माइल्स’ हे गाणे इतकी वर्षे लोकप्रिय का आहे?

हे गाणे टिकले ते मुख्यतः त्याच्या रचनेमुळे, कारण सुरांशी फारसे सख्य नसलेल्या माणसालाही ते घोळक्यात बेधडक गाता येते. क्रेग आणि चार्ली रीड या जुळ्या भावांचे १९८८ मधील हे गाणे लक्ष देऊन ऐकल्यास असे दिसते की, कडव्यांतील बहुतेक ओळी एकाच वाक्याच्या साच्यात बसवल्या आहेत, ठेका दमदार पावले टाकत चालल्यासारखा आहे आणि ध्रुवपदानंतर येणाऱ्या अर्थहीन ‘दा दा’ची सवाल-जवाबासारखी फेक तर श्रोत्यांसाठीच मोकळी सोडलेली वाटते. स्कॉटलंडच्या फुटबॉल सामन्यांत ते हमखास घुमते, यात नवल नाही. मात्र सारे श्रेय रचनेला देता येणार नाही: ब्रिटनमध्ये मूळ गाणे विक्रीच्या यादीत ११व्या क्रमांकापर्यंतच पोहोचले होते, अमेरिकेत ते १९९३ मध्ये ‘बेनी अँड जून’ या चित्रपटामुळे तिसऱ्या क्रमांकावर गेले, तर ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक २००७ मध्ये ‘कॉमिक रिलीफ’ या मदतनिधीसाठी विनोदी कलाकारांसह केलेल्या नव्या ध्वनिमुद्रणाला मिळाला. गंमत म्हणजे, एडिंबरातील लीथ या भागाच्या हिबर्नियन फुटबॉल क्लबचे चाहते आपले गाणे मानतात ते ‘५०० माइल्स’ ज्या अल्बममध्ये आहे त्याच अल्बममधील ‘सनशाइन ऑन लीथ’ हे संथ शीर्षकगीत.