गावात नवीन साथ आली तर प्राथमिक आरोग्य केंद्र नेमकं काय करतं?

खरं सांगायचं तर रोगाचं नाव कळण्याआधीच केंद्राचं काम सुरू झालेलं असतं. पुरंदर तालुक्यातलं बेलसर घ्या. जुलै 2021 मध्ये तिथे तापाचे रुग्ण वाढले, रक्ताचे नमुने पुण्याच्या एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले. आधी चिकुनगुनिया निघाला आणि महिनाअखेरीस झिका या डासांमुळेच पसरणाऱ्या विषाणूचा राज्यातला पहिला रुग्ण. ओपीडीत एकाच गावचे ताप, सांधेदुखीचे पेशंट दिसू लागले की वेळीच नमुने पाठवणं, हेच माझ्या मते सगळ्यात मोलाचं.

मग घरोघर सर्वेक्षण. आशाताई रांजणात टॉर्च मारून डासांच्या वळवळणाऱ्या अळ्या शोधतात. पाणी नुसतं ओतून भागत नाही, आतली बाजू घासावी लागते, कारण हे रोग पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी भिंतीला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन् महिने टिकतात. जे पाणी ओतता येत नाही त्यात अळीनाशक किंवा गप्पी मासे.

झिकात गरोदर बायांची यादी आधी काढतात, पोटातल्या बाळाच्या मेंदूला धोका असतो म्हणून. आणि हा विषाणू शरीरसंबंधातूनही पसरतो, त्यामुळे निरोधबद्दलही बोलावं लागतं. ते गावातल्या ओळखीच्या ताईनेच सांगितलं तर लोक ऐकतात.