मॅथ्स सोडून धर्म शिकायचं म्हणते लेक, काय करू?

नमस्कार दादा,

इंग्लंडमधल्या रेडिंगहून आलेला तुमचा मेल वाचला. लेक इयर इलेव्हनला, म्हणजे आपल्या दहावीच्या वयाची, डॉक्टर व्हायचंय, आणि सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांना, केमिस्ट्री-बायोलॉजीबरोबर मॅथ्सऐवजी फिलॉसॉफी, रिलिजन अँड एथिक्स (तत्त्वज्ञान, धर्म आणि नीती) घेते म्हणते. वर तुमचं वाक्य, "घरी आई रोज हरिपाठ म्हणते, तेवढं पुरे नाही का?" हसू आलं, पण दादा, हे तसलं नाहीये हो.

शाळा नाव काहीही देवो, सिक्स्थ फॉर्मच्या शेवटी ए लेव्हलची परीक्षा असते, तिच्या सर्टिफिकेटवर बहुतेक ठिकाणी रिलिजस स्टडीज येतं. ओसीआर या परीक्षा बोर्डाचं घ्या, तीन पेपर, प्रत्येकी दोन तास, चारातले तीन निबंध लिहायचे म्हणजे एकाला 40 मिनिटं, मार्कही 40. त्यातले 16 माहितीचे आणि 24 ती माहिती तुम्ही कशी तपासता, बाजू कशी लढवता याचे, त्यामुळे नुसतं पाठ करून गेलेलं पोर इथे आपटतं. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोची गुहेची उपमा, जर्मन तत्त्वज्ञ कांट, देव आहे तर मग दुःख का, इच्छामरण, असं सगळं. इंग्लिश तत्त्वज्ञ बेंथमही आहे, त्याचा सांगाडा कपडे चढवून लंडनच्या यूसीएल विद्यापीठात बसवलाय, लेकीला एकदा दाखवून आणा. आणि तुमच्या आईंना सांगा, टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिताना याच बेंथम, मिल, कांट मंडळींची उलटतपासणी घेतली होती, आजी-नातीला भांडायला चांगला विषय मिळेल! तिसऱ्या पेपरला ओसीआरमध्ये हिंदू धर्माचाही पर्याय आहे पण बऱ्याचशा शाळा ख्रिश्चॅनिटीच शिकवतात, ते ओपन इव्हिनिंगला विचारून घ्या.

आता मेडिकलचं. बऱ्याच ठिकाणी केमिस्ट्री-बायोलॉजी असलं की तिसरा विषय कुठला यावर फार अडत नाही, पण काही जण तिसराही सायन्स किंवा मॅथ्स मागतात, आणि केंब्रिजला तर येणारी बहुतेक पोरं तीन सायन्स-मॅथ्सवालीच असतात. तिच्या मनातली पाच-सहा नावं काढा आणि प्रत्येकाच्या साइटवर स्वतः बघा, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका प्लीज. इंटरव्ह्यूत मात्र फायदा होतो, लिव्हर एक, पेशंट दोन, त्यातला एक दारू पिणारा, कोणाला द्याल असलं काही विचारलं की हिला निदान कुठून सुरुवात करायची ते कळेल. पण त्या जोरावर सीट मिळते असं मी म्हणणार नाही.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. मेडिकल नाही झालं तर काय, हे तिला विचारलंत का? लॉ किंवा सायकॉलॉजी म्हणाली तर बिनधास्त घेऊ द्या. इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स किंवा इकॉनॉमिक्स म्हणाली तर मॅथ्स सोडणं महागात पडेल. चारही विषय घेऊ दे का म्हणालात, तर नको, तीनातच पोरांचा जीव जातो.

या रविवारी एक करा. बोर्डाच्या साइटवरून जुना पेपर काढा, त्यातला एक प्रश्न, किचनच्या टेबलावर 40 मिनिटं, फोन बाजूला. काय लिहिलं ते तपासायला जाऊ नका, पंधराव्या मिनिटाला उठते की वेळ संपल्यावरही "दोन मिनिटं थांबा ना बाबा" म्हणते एवढंच बघा, आणि मला कळवा.