रोज घोरणारं मूल: पालकांचे प्रश्न

प्र. तीन वर्षांची मुलगी सर्दी झाली की घोरते. तपासायला हवं का?

सर्दीबरोबर घोरणंही जात असेल तर नको.

प्र. मुलगा पाच वर्षांचा आहे, रोज घोरतो. घरचे म्हणतात, गाढ झोपतो, मोठा झाला की थांबेल. मात्र शाळेतून चुळबुळीची तक्रार येते.

'गाढ झोपतो' हे ऐकून माझे कान किटले आहेत. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरणाऱ्या मुलाचा घसा झोपेत अरुंद होतो, म्हणून आवाज येतो. दोन ते आठ वर्षांच्या वयात टॉन्सिल आणि नाकामागचे गाठीसारखे अ‍ॅडेनॉइड घशाच्या मानाने मोठे असतात. झोपेत स्नायू सैल पडले की काहींची वाट बुजते, श्वास अडतो, मूल अर्धवट जागं होऊन पुन्हा श्वास घेतं. रात्रभर हेच. मोठी माणसं अशाने दिवसा पेंगतात. मुलं उलट चिडतात, एका जागी बसत नाहीत. मग शिक्षक 'चंचल' म्हणतात आणि आपण ओरडतो! तोंड उघडं ठेवून, मान मागे टाकून झोपणं, खूप घाम, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, हेही पाहा. काहींचं वजन वाढत नाही. आठव्या वर्षानंतर घोरणं कमी होईलही, पण शिकण्याची ती वर्षं कोण परत देणार? या महिन्यातच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. झोपेत श्वास थांबतोय असं दिसलं, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या.

प्र. ऑनलाइन तोंडाला लावायची पट्टी मिळते. लावू का?

मुळीच नाही. नाक बंद असलेल्या मुलाचं तोंडही बंद करायचं? विकणाऱ्याला तुमचं मूल दिसत नाही.

प्र. अ‍ॅपने झोप 'उत्तम' दाखवली. तरी स्लीप स्टडी हवी?

अ‍ॅपवर निदान होत नाही. स्लीप स्टडीत श्वास, ऑक्सिजन, मेंदूच्या लहरी रात्रभर नोंदवतात. मोठ्यांत तासाला श्वासाचे पाचपेक्षा कमी अडथळे चालतात, मुलांत एकाच्या वर गेले तरी दोष धरतात. म्हणून अहवाल मुलांच्या झोपेचे जाणकार वाचतील असं पाहा. प्रत्येकाला ती लागतेच असं नाही, डॉक्टर ठरवतील.

प्र. टॉन्सिल काढले तर प्रतिकारशक्ती जाते का?

नाही. श्वास अडत असेल तर टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड शस्त्रक्रियेने काढतात. दोष सौम्य असेल तर आधी काही आठवडे नाकातला स्टेरॉइड स्प्रे देऊन पाहतात, पण तोही डॉक्टरांनी लिहून दिला तरच. लठ्ठ मुलांत आणि डाउन सिंड्रोम (जन्मजात गुणसूत्रदोष) असलेल्या मुलांत शस्त्रक्रियेनंतरही त्रास उरू शकतो. घोरणं थांबलं तरी त्यांची फेरतपासणी चुकवू नका.