क्रम लावा, पण ‘हायवे’ला तळात टाकू नका

वाचकांचे प्रश्न : गिटार, बेस, ड्रम्स

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही तिघे मित्र कॉलेजपासून ‘फ्री’ या ब्रिटिश ब्लूज-रॉक बँडचे भक्त. परवा एका लग्नात भेटलो आणि जेवणं झाल्यावर त्यांच्या सहा स्टुडिओ अल्बमांचा क्रम लावत बसलो. दोघांनी ‘फायर अँड वॉटर’ पहिला ठेवला, एकाने ‘टन्स ऑफ सॉब्ज’. तो वाद काही मिटला नाही, पण ‘हायवे’ सगळ्यांत खाली यावर तिघांचं एकमत झालं. तुमचा क्रम सांगाल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ज्यावर तुमचं एकमत झालं, नेमकं तिथेच मला तुमच्याशी भांडायचं आहे.

आधी माझा क्रम सांगून टाकते : फायर अँड वॉटर, हायवे, टन्स ऑफ सॉब्ज, फ्री, हार्टब्रेकर, फ्री अ‍ॅट लास्ट. मी बेस गिटार वाजवते आणि शिकवते, तेव्हा माझे कान कुठे जाणार हे उघड आहे. कोण किती जोरात वाजवतो हे मी पाहत नाही. कोण कधी थांबतो आणि त्या थांबण्यात दुसऱ्याला किती जागा मिळते, हे पाहते. या एका बाबतीत ‘फ्री’च्या जवळपास येणारा बँड त्या काळच्या इंग्लंडमध्ये मला दुसरा सापडत नाही.

आणि वयं बघा त्यांची. १९६८च्या एप्रिलमध्ये लंडनमध्ये हे चौघं एकत्र आले, तेव्हा बेसवाला अँडी फ्रेझर १५ वर्षांचा होता. गिटारवर पॉल कोसॉफ १७चा, गायक पॉल रॉजर्स आणि ड्रमर सायमन कर्क १८चे. पहिला अल्बम ‘टन्स ऑफ सॉब्ज’ मार्च १९६९मध्ये आला. त्यात पोरांची भूक ऐकू येते. ‘गोइंग डाउन स्लो’ आठ मिनिटांच्या वर चालतं आणि कोसॉफ त्यात जीव तोडून वाजवतो. तुमच्या तिसऱ्या मित्राला हा पहिला का वाटतो ते मला पूर्ण कळतं. पण इथे अजून सगळ्यांनाच सगळं वाजवायचं आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘फ्री’ नावाचाच दुसरा अल्बम आला. मुखपृष्ठावर उडी मारणाऱ्या बाईची आकृती आणि तिच्या आत चांदण्या, तोच. इथे बहुतेक गाणी रॉजर्स आणि फ्रेझरने जोडीने रचली आणि आवाज मोकळा झाला. ‘आय’ल बी क्रीपिन’’ची चाल तर मी आजही वर्गात शिकवते. मधली काही गाणी जरा रेंगाळतात, म्हणून चौथा.

‘फायर अँड वॉटर’बद्दल वाद नाही. जून १९७०, फक्त सात गाणी, आणि काढून टाकावं असं एकही नाही. त्यातलं ‘मिस्टर बिग’ एकदा फक्त बेससाठी ऐका. सुरुवातीला फ्रेझर दोन-तीन सुरांवर चालतो, मध्ये चक्क गप्प बसतो. मग गाणं मध्यावर आलं की त्याचा बेस चढायला लागतो, वरच्या सप्तकात जाऊन गाऊ लागतो, आणि कोसॉफ, जो लीड गिटारवाला आहे, तो खाली कॉर्ड धरून त्याला टेकू देतो. दोघांच्या भूमिका अदलाबदल होतात आणि कुणीही कुणाला ढकलत नाही. कर्क मागे ठेका इतका सरळ ठेवतो की तेवढ्याने अंगावर काटा येतो. १७ ते २० वर्षांच्या पोरांना ही समज कुठून आली, याचं मला अजून नवल वाटतं.

आता ‘हायवे’. ‘फायर अँड वॉटर’मधलं ‘ऑल राइट नाऊ’ विक्रीच्या यादीत ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत चौथ्या. ऑगस्टमध्ये आइल ऑफ वाइट संगीत महोत्सवाच्या अफाट गर्दीसमोर ते वाजवून आले. लगेच पुढचा अल्बम हवा होता आणि डिसेंबर १९७०मध्ये ‘हायवे’ बाजारात आला. लोकांना आणखी एक ‘ऑल राइट नाऊ’ पाहिजे होतं. मिळाली शांत, संथ, थोडी उदास गाणी. ‘द स्टीलर’ हे सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, ब्रिटनमध्ये पडलं, अल्बम ४१व्या क्रमांकावर अडकला, आणि काही महिन्यांत बँड फुटला. त्यामुळे ‘हायवे’ म्हटलं की लोकांना बँड फुटल्याचं आठवतं, गाणी आठवत नाहीत. पन्नास वर्षं हा अल्बम त्या वर्षाच्या विक्रीची शिक्षा भोगतो आहे.

‘बी माय फ्रेंड’ लावा. फ्रेझर पियानोवर आहे, रॉजर्स आवाज चढवायची घाई करत नाही. कोसॉफ एकेक सूर धरतो आणि तो सूर कंप पावत पावत विरेपर्यंत दुसऱ्याला हात लावत नाही. त्याचा तो डाव्या हाताचा कंप, तारेवर बोट रोवून मनगटातून आलेला, कुठल्याही रेकॉर्डवर मी डोळे मिटून ओळखेन. त्यानंतर शेवटचं ‘सून आय विल बी गॉन’ ऐका. पहिल्या अल्बममध्ये सगळं वाजवायला आसुसलेली ही पोरं दोन वर्षांच्या आत इथवर आली. तिघांनी पुन्हा भेटून हा अल्बम एका बैठकीत ऐकावा आणि मगच मला पत्र लिहावं, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : मॅडम, मी दहावीत आहे आणि बेस शिकतो. ‘ऑल राइट नाऊ’ बसवायला घेतलं, पण कडव्यात बेस ऐकूच येत नाही. माझा हेडफोन खराब आहे का? आई नवीन घेऊन देत नाही.
– एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : आईला सांग, हेडफोन उत्तम आहे. कडव्यात बेस नाहीच! फ्रेझर हात बांधून उभा आहे. तिथे फक्त गिटार, ड्रम्स आणि आवाज.

हे का चालतं ते तुझ्या गिटारवाल्या मित्राला समोर बसवून बघ. त्याच्या रिफमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात, खालची ए तार मोकळी वाजते, म्हणजे खर्ज गिटारच सांभाळते आहे. त्या खाली तू पुन्हा तोच ए वाजवलास तर चुकीचं काही होणार नाही, पण धृपदाची मजा जाईल. धृपदाला कॉर्ड बदलायला लागतात, ए, जी, डी, आणि नेमका तिथेच बेस आत शिरतो. गाणं एकदम रुंद झाल्यासारखं वाटतं ना? आवाज कुणीच वाढवलेला नाही. नंतर गिटार सोलोच्या आधी बेस आणि ड्रम्सचा तुकडा येतो, तो अल्बममधला पाच मिनिटांचा पाठ घेऊन बसव, सिंगलमध्ये तो भाग कापलेला आहे.

आणि कडव्यात खरंच थांब. बोटं तारांवर ठेवून, मोजत. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना वाजवायला लगेच जमतं, कडवंभर थांबायला महिना लागतो. फ्रेझरकडे गिब्सनचा ईबी-३ बेस होता, त्याची मान आखूड असते, त्यामुळे तुझ्या मोठ्या बेसवर काही तुकड्यांना बोटं जास्त ताणावी लागतील. घाबरू नकोस, हळू वाजव.

प्रश्न : फ्रेझर नसलेल्या ‘हार्टब्रेकर’ला ‘फ्री’चा अल्बम तरी का म्हणायचं? आणि क्रमवारीत ‘फ्री लाइव्ह!’ का नाही?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ‘लाइव्ह’ मुद्दाम बाजूला ठेवला, कारण त्यातली बहुतेक गाणी आधीच्या अल्बमांची आहेत. संडरलंड आणि क्रॉयडनच्या मैफिलींमधलं ते ध्वनिमुद्रण मला फार प्रिय आहे. बँड फुटल्यावर, १९७१मध्ये, ते निघालं आणि ‘हायवे’पेक्षा कितीतरी जास्त खपलं.

‘हार्टब्रेकर’बद्दल तुमची तक्रार रास्त आहे, तरी मी त्याला बाद करणार नाही. कोसॉफ नशेच्या विळख्यात सापडला होता. त्याला सावरता यावं म्हणून १९७२च्या सुरुवातीला चौघं पुन्हा एकत्र आले आणि ‘फ्री अ‍ॅट लास्ट’ केला. माझ्या यादीत तो शेवटी आहे, कारण हेतू कितीही चांगला असला तरी वाजवताना सगळे एकमेकांना जपताना ऐकू येतात, भिडत कुणीच नाही. मग फ्रेझर निघून गेला. तेत्सु यामाउची बेसवर आणि ‘रॅबिट’ बंड्रिक कीबोर्डवर आले, आणि जानेवारी १९७३मध्ये ‘हार्टब्रेकर’ निघाला. त्यावर कोसॉफचं नाव पाहुण्या वादकांमध्ये छापलं आहे. स्वतःच्या बँडमध्ये पाहुणा! ते वाचताना मला दरवेळी त्रास होतो. पण ‘विशिंग वेल’ आणि ‘कम टुगेदर इन द मॉर्निंग’ ही गाणी ज्या अल्बममध्ये आहेत, तो रॉजर्सच्या आवाजासाठी तरी ठेवावाच लागेल. कोसॉफ मार्च १९७६मध्ये विमान प्रवासात गेला, २५ वर्षांचा होता.

प्रश्न : मी नाट्यसंगीत ऐकणारी. नातू सतत ‘फ्री’ लावतो. ब्लूजचा गंध नाही. सुरुवात कुठून करू?
– एक आजी, सांगली

उत्तर : नातवाला अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक आल्बर्ट किंगचं ‘द हंटर’ लावायला सांगा, ते १९६७च्या ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ या अल्बममध्ये आहे. लगेच त्याच्यामागे ‘टन्स ऑफ सॉब्ज’मधलं ‘द हंटर’. बंदिश तीच, गाणारं घराणं वेगळं, हे तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. त्यानंतर ‘फायर अँड वॉटर’मधलं ‘ओ आय वेप्ट’ ऐका, आणि आवाज कमी करू नका.