ओक्लाहोमातील पहिल्या वसंतासाठी
ओक्लाहोमातील तुमचा हा पहिलाच वसंत असल्याने आग्रहाने सांगतो. नॉर्मन येथील वादळ अंदाज केंद्राच्या नकाशावर धोक्याच्या 5 पातळ्यांपैकी खालून दुसरी पातळी दिसली, तरी निर्धास्त राहू नका. कारण मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट, उबदार हवा जमिनीलगत साचलेली असताना वायव्येकडून शीत आघाडी (म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड) सरकू लागली, की जड थंड हवा तिला वर ढकलते आणि तासाभरात अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गारा पडू शकतात. हवामानाच्या इशाऱ्यांत ‘वॉच’ म्हणजे वादळास अनुकूल स्थिती, तर ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ रडारवर किंवा प्रत्यक्ष दिसले आहे. ‘वॉर्निंग’ आली की आकाश पाहत न थांबता तळमजल्यावरील बिनखिडकीच्या आतल्या खोलीत जा. रात्री फोनचा आवाज मात्र कधीही बंद ठेवू नका, कारण झोपेत गाठणाऱ्या वादळांचीच मला सर्वाधिक धास्ती वाटते.