लातूरहून पुण्याला शिकायला आलेल्या मुलाने स्वारगेटहून गरवारे कॉलेजला जाताना सिव्हिल कोर्ट स्टेशनवर मेट्रो कशी बदलायची?

स्वारगेटहून पिंपरी-चिंचवडकडे जाणारी मेट्रो पकड. मंडई, कसबा पेठ आणि मग सिव्हिल कोर्ट (आता नाव जिल्हा न्यायालय), म्हणजे तिसरं स्टेशन. तिथं उतरून वर जायचं. खूप वर, कारण गोंधळ इथंच होतो: तू उतरतोस ती लाईन जमिनीखाली आहे आणि गरवारेकडे जाणारी वनाजची लाईन जमिनीच्या वर, पुलावर.

खालचा फलाट सुमारे ३३ मीटर खोल आहे, १०८ फूट. आपल्याकडच्या पन्नास फुटांच्या दोन विहिरी एकाखाली एक धर, तेवढा. माझ्या भाचीला पहिल्या दिवशी एकामागून एक सरकते जिने बघून वाट चुकल्यासारखं वाटलं होतं. घाबरू नको, चढत राहा, पाट्यांवर वनाजचं नाव बघ. फलाटावर मान वर करून नक्की बघ. छत इतकं उंच ठेवलंय की वरून सूर्यप्रकाश थेट खाली येतो. भुयारात ऊन बघायला मिळणं मला अजूनही भारी वाटतं.

या जागी पूर्वी सरकारी धान्य गोदामं होती. स्टेशन १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झालं, पण स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये. त्यामुळं जुन्या मुलांनी सांगितलेला रस्ता धरू नको.

वर आल्यावर रामवाडीची नाही, वनाजची गाडी घे. डेक्कन गेलं की पुढचं गरवारे. तिकीट मध्येच पुन्हा काढावं लागत नाही, स्वारगेटलाच थेट गरवारेचं काढ.