ब्लॉगचे आकडे : वाचकांचे प्रश्न

मराठीत ब्लॉग कसा सुरू करायचा यावर मागच्या अंकात लिहिलं आणि त्यानंतर जी पत्रं आली त्यातली निम्मीअधिक एकाच गोष्टीवर, व्ह्यूज, म्हणजे पान किती वेळा उघडलं गेलं तो आकडा. लिहायचं काय हे कोणीच विचारलं नाही, गंमतच आहे. असो, या वेळी तेच घेऊ.

माझा गूगलच्या ‘ब्लॉगर’ या सेवेवर पाककृतींचा ब्लॉग आहे. रोज जेमतेम वीसपंचवीस व्ह्यूज. गेल्या आठवड्यात एका रात्रीत हजाराच्या वर गेले, बहुतेक सिंगापूर आणि अमेरिकेतून. मुलगा म्हणतो, आई तू व्हायरल झालीस. खरं का हो? (सांगली)

ताई, मुलाला म्हणावं पेढे आणायची घाई नको. तुम्ही स्क्रीनचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, त्यातच उत्तर आहे. उकडीच्या मोदकांना तीन व्ह्यूज, भरल्या वांग्यांना तीन, आणि २०१३ साली तुम्ही टाकलेल्या ‘सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा’ या दोन ओळींच्या पोस्टलाही तीन. आता मला सांगा, इतक्या वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या शुभेच्छा कोण उघडून बघतंय? माणूस असं वाचत नाही. खरंच काही व्हायरल होतं तेव्हा एकच पोस्ट सुसाट सुटते, कोणीतरी ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेली असते, बाकीच्या पोस्ट आपल्या जागी ढिम्म. सगळ्यांना सारखंच वाढलंय म्हणजे एखादा बॉट, आपोआप पानं उघडत फिरणारा प्रोग्राम, तुमचा ब्लॉग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळून गेलाय. त्यात सर्च इंजिनवाले असतात, एसइओवाले (साइट सर्चमध्ये वर आणून देणारे) असतात आणि हल्ली एआय कंपन्यांचेही भरपूर असतात. ब्लॉगरच्या आकड्यात यातले बरेच धरले जातात. आणि सिंगापूर-अमेरिका का, तर मोठमोठी डेटा सेंटर, म्हणजे हजारो कॉम्प्युटर ठेवलेल्या इमारती, तिथे आहेत, बॉट तिथून येतात.

पण म्हणून अमेरिकेचे सगळेच व्ह्यूज खोटे समजू नका बरं का. पहाटे तीनला कोण मोदक बघणार असं तुम्ही पत्रात म्हटलंय, तर आपल्याकडे पहाटेचे तीन म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच. गणपतीच्या आदल्या दिवशी तिकडची एखादी सून ऑफिसातून येऊन तांदळाची उकड कशी काढायची ते शोधत असेल तर तो व्ह्यू शंभर नंबरी खरा. तेव्हा वेळ किंवा देश बघून निकाल देऊ नका, कुठल्या पोस्टला किती ते बघा.

त्याच फोटोत खाली, वाचक कुठून आले त्या यादीत, एक अनोळखी विचित्र साइट दिसतेय. तिच्यावर क्लिक करू नका! ती लिंक तिथे ठेवलेलीच असते तुम्ही कुतूहलाने उघडावी म्हणून, तुमच्या ब्लॉगशी त्यांना काडीचं घेणंदेणं नाही. खरा अंदाज हवा असेल तर गूगल ॲनालिटिक्स जोडून घ्या, ते वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टवर अवलंबून असतं आणि बरेचसे बॉट ती चालवतच नाहीत म्हणून आपोआप गळतात, मात्र ॲडब्लॉकर (जाहिराती अडवणारं साधन) लावलेले खरे वाचकही त्यात गळतात, म्हणजे हा आकडा थोडा कमीच दाखवणार. खरी संख्या दोघांच्या मधे कुठेतरी.

वर्डप्रेसवर व्ह्यूज वेगळे आणि व्हिजिटर्स वेगळे दिसतात. शिवाय सात दिवसांच्या व्हिजिटर्सची बेरीज आठवड्याच्या आकड्याशी जुळत नाही, आणि सगळ्या पोस्टच्या व्ह्यूजची बेरीज एकूण व्ह्यूजशी जुळत नाही. मी बँकेत होतो, मला हे सहन होत नाही. (पुणे)

तुमची कळकळ पोचली. लग्नाच्या पंगतीत पानं मोजणारा वेगळा आणि माणसं मोजणारा वेगळा असं समजा, एकच पाहुणा तीनदा जेवायला बसला तर पानं तीन, माणूस एक. व्ह्यूज म्हणजे पानं, व्हिजिटर्स म्हणजे माणसं. आता तोच माणूस सोमवारी आला आणि गुरुवारीही आला तर दोन्ही दिवशी एकेक धरला जातो, पण आठवड्याच्या हिशोबात तो एकच. म्हणून सात दिवसांची बेरीज आठवड्यापेक्षा जास्त भरते. चूक नाहीये ती, तशीच पद्धत आहे. (आणि ‘माणूस’ म्हणजेसुद्धा खरं तर ब्राउझर. ऑफिसात कॉम्प्युटरवर वाचून घरी मोबाइलवर पुन्हा उघडलं तर तुमचा एक वाचक दोन होतो.)

दुसऱ्या बेरजेचं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि बहुतेकांच्या ते लक्षातच येत नाही. तुमच्या मुखपृष्ठावर शेवटच्या दहा पोस्ट पूर्णच्या पूर्ण दिसतात. नेहमीचा वाचक सरळ ब्लॉगचा पत्ता उघडतो, तिथेच खाली सरकत सगळं वाचतो आणि जातो. हा व्ह्यू जमा होतो मुखपृष्ठाच्या खात्यात, पोस्टच्या नाही. म्हणजे जे लोक तुमचं सगळं वाचतात तेच पोस्टच्या आकड्यात दिसत नाहीत आणि गूगलवरून चुकून आलेला मात्र बरोब्बर नोंदला जातो, आहे की नाही कमाल. उपाय सोपा, पोस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदानंतर ‘पुढे वाचा’ची सोय असते ती टाका. वाचकाला एक क्लिक जास्त पडेल, काही जण कुरकुरतील, पण कुठली पोस्ट किती चालली हे कळेल. मला स्वतःला मात्र ‘पुढे वाचा’ आवडत नाही, वाचणाऱ्याचा ओघ तुटतो, तेव्हा ठरवा तुमचं तुम्ही.

माझा ब्लॉग मीच उघडला तर मोजला जातो का? (अनेकांचा प्रश्न, बहुतेकांनी नाव न छापण्याची विनंती केली आहे)

वर्डप्रेस डॉट कॉमवर लॉगिन असाल तर नाही. ब्लॉगरवर मोजला जातो, तिथे स्टॅट्सच्या पानावर स्वतःचे व्ह्यूज न मोजण्याची सोय आहे ती चालू करा, पण ती कुकीवर, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवलेल्या छोट्या खुणेवर चालते, त्यामुळे मोबाइलवर वेगळी करावी लागते आणि कुकीज साफ केल्या की पुन्हा करावी लागते.

२००९ पासून लिहितोय. एकेकाळी भरपूर फॉलोअर्स होते, मग मधेच एकदम कमी झाले, कोणाला दुखावलं की काय कळेना. आणि ‘आम्ही तुमचं नेहमी वाचतो’ म्हणणारे लोक आकड्यांत कधी दिसतच नाहीत. (नागपूर)

काका, कोणाला दुखावलं नाहीत. ब्लॉगरची ती फॉलोअर्सची चौकट पूर्वी याहू, ट्विटर वगैरेंच्या खात्यांनाही चालायची. २०१६ च्या जानेवारीत गूगलने ते बंद केलं, फक्त गूगल खातीच ठेवली, तेव्हा सगळ्यांचेच आकडे घसरले. पुढे २०१९ मध्ये गूगल प्लस हे गूगलचं सोशल नेटवर्क गेलं, तेव्हा ज्यांनी त्याच्या कॉमेंट्स ब्लॉगला जोडल्या होत्या त्यांच्या त्या कॉमेंट्सही गेल्या. वाईट वाटतं त्याचं, कारण आकडा परत मिळवता येतो पण कोणीतरी मनापासून लिहिलेला चार ओळींचा प्रतिसाद नाही मिळत. चांगल्या कॉमेंट्सचा बॅकअप घेऊन ठेवा, ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये सोय आहे.

न दिसणाऱ्या वाचकांचं म्हणाल तर ते फीड रीडरमध्ये (अनेक ब्लॉगच्या नव्या पोस्ट एकत्र दाखवणाऱ्या ॲपमध्ये) किंवा इमेलमध्ये अख्खी पोस्ट वाचतात, ब्लॉगवर येतच नाहीत. गूगल रीडर हा असाच एक रीडर १ जुलै २०१३ ला बंद पडला, नव्या पोस्ट इमेलने पाठवणारी फीडबर्नरची सेवा २०२१ मध्ये बंद झाली, तेव्हा तुमच्या यादीतले इमेलवाले वाचक कदाचित तेव्हापासून तुटलेत आणि त्यांना वाटतंय काकांनी लिहिणं सोडलं. एकदा सगळ्यांना साधी मेल टाकून बघा.

मराठी साइटवर माझ्या प्रतिसादाला कोणीतरी ‘खवचट’ अशी श्रेणी दिली. राग धरावा का? आणि लाइक, टाळ्या, श्रेणी यातलं जास्त मोलाचं काय? (ठाणे)

खवचट? मी तर कौतुक समजेन! तुम्ही ‘ऐसी अक्षरे’वर लिहीत असणार, तिथे मार्मिक, रोचक, खवचट, निरर्थक अशा श्रेण्या आहेत. ही तऱ्हा १९९७ साली सुरू झालेल्या स्लॅशडॉट या अमेरिकन साइटच्या वळणाची. तिथे प्रत्येक कॉमेंटला उणे एक ते पाच गुण, वाचणारा म्हणतो मला तीनच्या खालचं दाखवू नका. आणि त्यांनी एक खाशी मेख मारून ठेवली होती, ‘विनोदी’ म्हणून गुण मिळाले तर कॉमेंट वर जायची पण लिहिणाऱ्याच्या खात्यावर ‘कर्म’ (त्या साइटवरची पत) जमा व्हायचं नाही. नाहीतर सगळे दिवसभर पीजेच मारत बसले असते.

मोलाचं काय हे ठरवायला मी एकच बघते, देणाऱ्याच्या खिशातून काय गेलं. मीडियम या लेखांच्या साइटवर एक वाचक एका लेखाला पन्नासपर्यंत टाळ्या देऊ शकतो, बोट दाबून धरलं की झालं. म्हणून तिथे टाळ्यांपेक्षा ‘रीड्स’ बघा, अर्धा मिनिट तरी थांबलेलाच त्यात धरतात. उलट मायबोली या मराठी साइटवर वाचकाची आवडत्या लेखांची ‘निवडक १०’ यादी आहे, तिथे नावाप्रमाणे जागा दहाच, तुमचा लेख घ्यायचा तर वाचकाला पुढेमागे दुसरा काढावा लागणार. कोणी तिथे घेतलं तर खुश व्हा.

‘तुमचा ब्लॉग टॉपमध्ये आणतो, दहा हजार व्ह्यूज फक्त इतक्या रुपयांत’ असा मेसेज आला. घ्यावं का? (छत्रपती संभाजीनगर)

नको. ते जे देतील ते वर सांगलीच्या ताईंना फुकट मिळालंय. रशियात लाइव्हजर्नल या साइटवरचे ब्लॉग जोरात होते तेव्हा यांडेक्स या सर्च इंजिनची गाजणाऱ्या पोस्टची यादी असायची, लोकांनी त्या यादीत वर चढायला इतके उद्योग केले की २००९ मध्ये त्यांनी ती यादीच बंद करून टाकली. आणि त्या मेसेजवाल्यांनी ‘सेटिंग करायला’ म्हणून तुमचा जीमेलचा पासवर्ड मागितलाय असं पत्रात शेवटी लिहिलंय तुम्ही. दिला असेल तर हे पुढचं काही वाचत बसू नका, आधी तो बदला.